अकरा वाकड्या फळ्या

“माहे डोळे गेले म्हणता? बाबाराव, अजून सुईत दोरा ओवतो मी. पाहाचं असन तर आणा सुई.”

देवाजी मिस्त्री हे अगदी हळू बोलला. त्याचा आवाज जितका खाली जातो तितका तो आतून पेटलेला असतो.

“सुई कायले पाह्यजे गा?” बाबाराव म्हणाला. “ह्या अकरा फळ्या पाह्य ना. एकाच हातच्या, अन् अकराच्या अकरा वाकड्या. चंपतरावनं हातठेल्यावर घालून परत आणल्या. तुले दिसत नाही, ठेल्यावाल्याले दिसलं.”

“मशीनमधी काई तरी झालं आहे.”

“मशीनले काय होते?” हे रंभाबाई म्हणाली. “नवमीले मी सोता साफ केली. पेच न पेच पुसला. मशीनवर नको ढकलू, देवाजी.”

दाराशी चंपतराव विणकर उभा होता. तो कुणाकडंच पाहत नव्हता. “तुमचं तुमी पाहा,” तो म्हणाला. “माह्या सुनेच्या भिवईवर तीन टाके आहेत. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला होता. कोणाच्या हातानं झालं तेवढं नाव मले सांगा, मंग मी जातो.”

हे सगळं माझ्या अंगावर चाललं होतं. शब्दशः अंगावर, कारण देवाजीचा एक हात माझ्या पुढच्या टेबलावर होता, रंभाबाईचा मागच्या. मी त्यांची रंधा-मशीन. नऊ मणांची, ओतीव लोखंडाची बाई आहे मी. मला तोंड नाही, पण म्हणून मला काही कळत नाही असं समजू नका. त्या खोलीत खरं काय घडलं ते फक्त मला ठाऊक होतं आणि सांगायची सोय नव्हती. आज सांगते. ऐकायचं तर नीट ऐका, मला एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही.

माझं काम आधी समजून घ्या. आरा मशीनवरून चिरून आलेली फळी खडबडीत असते, कुठं फुगलेली, कुठं खचलेली. तिची एक बाजू सपाट आणि एक धार सरळ करून देणं, हे माझं काम. मला दोन टेबलं आहेत. पुढच्या टेबलावर फळी चढते, मागच्यावर उतरते. दोघांच्या मधे एक गोल दांडा गरगर फिरतो, त्यात तीन पाती बसवलेली. पुढचं टेबल केसभर खाली, मागचं पात्यांच्या टोकाशी अगदी बरोबर. कडेला एक उभी आडभिंत, तिला टेकून फळी सरकवायची. एवढं जुळलं की काम झालं. आणि यातलं एक जरी कागदाच्या जाडीनं हललं, तरी मी खोटं बोलायला लागते. मशीन मुद्दाम खोटं बोलत नाही. तिला तसं लावलेलं असतं.

माझा जन्म पंजाबातला, एकसष्ट सालचा. साच्यातून काढल्यावर आम्हाला वर्षभर उघड्यावर टाकून ठेवलं होतं. ऊन, थंडी, पाऊस, जे येईल ते. लोखंड मुरायला वेळ लागतो. घाईनं रंधलेलं लोखंड पुढं स्वतःच वाकतं. आम्हाला मुरवणारे म्हातारे हे जाणून होते. मला शाळा म्हणाल तर तेवढीच. बाकी जे शिकले ते लाकडाकडून. बल्लारशाचं सागवान कसं बोलतं, बाभूळ कशी अडून बसते, हे मला कुणी पढवलं नाही.

मालगाडीतून मी नागपुरात उतरले ती जरीपटक्याच्या एका ठेकेदाराकडं. शाळांची बाकं करायचा तो. त्याची माणसं माझ्यावर चहाच्या कपबशा ठेवायची. बशीखाली पाणी, पाण्याखाली गंज. पाती बोथट झाली तरी तशीच रेटायची, आणि बाक डुगडुगलं की म्हणायची, मशीनच फालतू आहे. माणसांची ही सवय मी तेव्हाच ओळखली. काम चांगलं झालं की हात माझा, बिघडलं की मशीनचा. पुढं ठेकेदाराचं काम बसलं आणि त्यानं मला सिमेंटच्या पोत्यांमागं लोटून दिलं. दीड वर्ष मी तिथं उंदरांचा संसार पाहत होते.

सहासष्टच्या उन्हाळ्यात नत्थूजी सुतार आला. लकडगंजात त्याचा लहानसा कारखाना होता. त्यानं माझ्यावरचा गंज नखानं खरवडला, तळहात पसरून टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मला नेलंच पाहिजे असं त्याला वाटलं, ते त्या हातालाच कळलं असणार.

त्याच्या बायकोनं, रंभाबाईनं, त्याला सकाळीच बजावलं होतं: “दुसऱ्याची वापरलेली मशीन घरात आणू नका. काई न काई खोट असल्याबिगर कोणी इकत नाही.” तरी तो मला बैलबंडीवर घालून घेऊन आला. आणि उतरवताना दोर सुटला. माझ्या मागच्या टेबलाचं शेपूट दगडी पायरीवर आदळलं.

बाहेरून काही दिसलं नाही. टेबल ज्या उतरत्या खाचेत सरकतं, ती खाच मात्र एका बाजूनं दबली. भर दुपारी नत्थूजीनं दार ओढून घेतलं. त्यानं एक लांब, सरळ सागवानी पट्टी केली होती. ती माझ्या दोन्ही टेबलांवर आडवी ठेवली आणि खाली वाकून उजेडाकडं पाहिलं. मागच्या टोकाशी उजेडाची बारीक रेघ दिसली. शेपूट खाली झुकलं होतं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढंच, पण झुकलं होतं.

मग त्यानं तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापला. करंगळीएवढी पट्टी. टेबल पहारीनं उचलून ती पट्टी खाचेत सरकवली. पुन्हा पाहिलं. उजेड मिटला होता. दोन्ही टेबलं एका पाण्याच्या पातळीत आल्यासारखी झाली. त्यानं वर ग्रीस चोपडलं, पेच आवळले आणि दार उघडलं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात कामावर लागलेल्या देवाजीलाही नाही. बायकोला तर नाहीच. सांगितलं असतं, तर ‘मी म्हणत नव्हते?’ हे त्या बापड्याला जेवताना, आंघोळीला बसताना, आजारी पडल्यावरसुद्धा ऐकावं लागलं असतं. रंभाबाईच्या जिभेला धार होती, आणि ती धार लावायला कुणाची गरज पडत नसे. तो सज्जन माणूस तिला भीत होता. भिणाऱ्या माणसाच्या घरात असल्या गोष्टी खाचेत जाऊन बसतात.

पुढची पाच वर्षं माझ्या तारुण्याची. नागपुरातल्या नंदनवन वस्तीत नवी घरं उठत होती, त्यांच्या दाराखिडक्यांच्या चौकटी माझ्यावरून गेल्या. रंभाबाई तांदूळ निसायला सूप घेऊन कारखान्याच्या दारात बसायची. सुपातल्या खड्यांकडं तिचं लक्ष किती होतं ते तिच्या घरच्यांच्या दातांना विचारा. तिचे डोळे नत्थूजीच्या हातांवर असत. तिला कुणी शिकवलं नाही, तिनं कुणाला विचारलं नाही. नत्थूजी बाहेर गेला की ती यायची आणि माझा दांडा हातानं फिरवून बघायची, पातं कुठं येतं, कुठं जातं.

एकाहत्तरला नत्थूजी गेला. चौदाव्या दिवशी ती लुगड्याचा पदर कमरेला खोचून आली आणि तिनं माझं बटण दाबलं. बाबाराव तिचा धाकटा दीर. तो दारातच होता.

“वहिनी, बाईमाणसानं मशीनले हात लावणं बरं दिसत नाही.”

“बरं दिसल्यानं लाकूड सरळ होत नसते, भाऊजी,” ती म्हणाली.

तेव्हापासून बाबाराव तिच्या एका चुकीची वाट पाहत होता. कारखाना त्याला स्वतःच्या हातात हवा होता. तो दुष्ट नव्हता हो. फक्त बाईच्या हाताखाली आपल्या भावाचं नाव चालतं, हे त्याला गिळवत नव्हतं. रंभाबाईलाही ते ठाऊक होतं, म्हणून ती चूक करायची नाही. आणि एखादी झालीच, तर ती मानायची नाही.

आता त्र्याहत्तरच्या नवमीकडं येते. नवमीला हत्यारं पुजायची आमच्याकडं रीत. करवती, रंधे, पटाशी, सगळ्यांना आंघोळी. मला पाणी लावत नाहीत, रॉकेलच्या बोळ्यानं पुसतात. देवाजी सणाला उमरेडकडं त्याच्या गावी गेला होता. रंभाबाई एकटीच होती. तिनं त्या वर्षी ठरवलं की मशीन अशी लखलखीत करायची की बाबारावानं येऊन पाहावं.

तिनं पेच सैल केले. पहार लावून माझं मागचं टेबल उचललं. एकटीनं, हे विसरू नका, पन्नाशीच्या बाईनं. खाचेत सात वर्षांचं काळं ग्रीस आणि भुसा यांचं कीट जमलेलं. ते तिनं केसातल्या आकड्यानं कोरून कोरून काढलं. त्यात ती पट्टी निघाली. काळी, चिकट, करंगळीएवढी. तिनं ती दोन बोटांत धरून पाहिली.

मी ओरडले असते. पण मला आवाज येतो तो बटण दाबल्यावर, आणि तो सगळ्यांना सारखाच ऐकू येतो.

“किती घाण साठवली यानं,” ती म्हणाली, आणि पट्टी भुशाच्या टोपल्यात टाकली. टोपलं चुलीकडं गेलं. मग तिनं माझं टेबल खाली बसवलं, पेच आवळले, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि हात जोडले. मी आयुष्यात इतकी सुंदर दिसले नव्हते आणि इतकी खोटी झाले नव्हते.

दसऱ्यानंतर देवाजी आला. त्यानं पाती लावली, आडभिंत तपासली आणि कामाला लागला. चंपतरावाच्या अकरा फळ्यांचं काम होतं. हातमागावर जी आडवी फळी असते, जिच्यावरून धोटा सुतासह इकडून तिकडं धावतो, ती. धोटा वेगात जातो. फळी मधे जराशी खोल असेल तर तो मधे दबतो आणि टोकाला उसळतो. चंपतरावानं त्यातली पहिली फळी सुनेच्या, गोपिकेच्या, मागावर बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी धोटा उडाला आणि गोपिकेच्या भिवईवर बसला.

इथून पुढं ते भांडण, जे मी सुरुवातीला मधेच सोडलं.

“नाव पाह्यजे ना तुमाले?” देवाजी चंपतरावाला म्हणाला. “मंग उभे राहा. तुमच्या डोयासमोर मशीन लावतो. माह्या हातात खोट निघाली तर मी सोता सांगन.”

त्यानं मोटरचा पट्टा उतरवला, म्हणजे दांडा हातानं फिरवता येईल. एक सरळ काडी माझ्या मागच्या टेबलावर अशी ठेवली की तिचं टोक पात्यांच्या वर आलं. टेबलाच्या कडेशी काडीवर पेन्सिलीनं रेघ मारली. मग दांडा हळू फिरवला. पातं वर आलं, काडीला चाटलं आणि तिला पुढं ओढत घेऊन गेलं. थांबलं तिथं दुसरी रेघ. दोन रेघांमधे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अंतर.

“एक,” देवाजी म्हणाला.

पात्याच्या दुसऱ्या टोकाला तेच. मग दुसरं पातं. मग तिसरं. सहा वेळा काडी ठेवली, सहाही वेळा एक सूत, म्हणजे तिन्ही पाती एकाच उंचीवर. बाबाराव वाकून रेघा पाहत होता.

मग गुण्या. त्याची एक भुजा टेबलावर, दुसरी आडभिंतीला. देवाजीनं गुण्या रंभाबाईच्या हातात दिला. “तुमीच पाहा, बाई. माहे डोळे तर गेले.”

तिनं पाहिलं. काटकोनात फट नव्हती. “बरोबर आहे,” ती म्हणाली. तेवढंच.

देवाजीनं चार-चार फुटांचे दोन तुकडे घेतले, दोन्हींच्या एकेका बाजूवर खूण केली. पट्टा चढवला, बटण दाबलं. मी गर्जले. पहिल्या तुकड्याची खूण आडभिंतीकडं, दुसऱ्याची बाहेर. असं केलं म्हणजे आडभिंतीत केसभर फरक असला तरी दोन धारा एकमेकींचा फरक खाऊन टाकतात. हाताचा दाब आधी पुढच्या टेबलावर, मग हळूहळू मागच्यावर. त्याच्या हातात काही चूक नव्हती. मी त्याचे हात माझ्या पाठीवर सात वर्षं सोसलेत, मला विचारा.

दोन धारा एकमेकींवर ठेवून त्यानं ते तुकडे दाराच्या उजेडात धरले.

मधोमध उजेडाची रेघ होती. दोन्ही टोकं मिटलेली, मधे फट.

“झालं,” बाबाराव म्हणाला. “आता काय राह्यलं? घे गा देवाजी, तुही हत्यारं उचल. वहिनी, मी दोन वर्षांपासून सांगून राह्यलो, याचा हात गेला. तुमाले पटत नव्हतं.”

देवाजी त्या फटीकडं पाहत होता. त्याच्या गालाचं हाड हलत होतं. तीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, आणि चारचौघांत, एका विणकराच्या समोर, त्याचे हात खोटे ठरत होते. क्षणभर त्याच्या मनात आलं असेल की खरंच आपलेच हात गेले. ते मला पाहवलं नाही.

“सरक,” रंभाबाई म्हणाली.

“काहून?”

“मी करतो.”

बाई असून ती ‘मी करतो’ म्हणायची, आमच्याकडं बाया तसं बोलतात. तिनं पदर खोचला. नवे दोन तुकडे घेतले. तिचे हात देवाजीसारखे मऊ नव्हते, ती लाकूड हुकमानं ढकलायची. पण चुकायची नाही. तिनंही खूण एकदा आत, एकदा बाहेर ठेवली. बटण बंद केलं, धारा जुळवल्या आणि उजेडात धरल्या.

तीच रेघ. त्याच जागी.

कितीतरी वेळ तिनं ते तुकडे खाली ठेवलेच नाहीत.

“मंग तुमचे बी डोळे गेले म्हणायचे,” देवाजी म्हणाला. त्यात टोमणा होता, पण त्याला हसू आलं नाही. त्यानं खुंटीवरची नत्थूजीची लांब पट्टी काढली, फुंकर मारली आणि माझ्या दोन्ही टेबलांवर आडवी ठेवली. पुढं घट्ट बसली. मागच्या टोकाशी त्यानं विडीच्या कट्ट्यावरचा कागद सरकवला. गेला. दुमडून सरकवला. तोही गेला. चौघडी केली, तेव्हा कुठं अडकला.

“शेपूट झुकलं आहे,” तो म्हणाला. “टेबल टोकाले उतरलं, म्हून फळी मधी खोल निघून राह्यली. पाती बरोबर, गुण्या बरोबर, अन् बुडच वाकडं.”

चंपतराव पहिल्यांदा आत आला आणि त्यानं वाकून पाहिलं. विणकराचा डोळा, त्याला एक सूत हलल्याचं कळतं. “हो,” तो म्हणाला. “दिसते.”

“सात वर्षं हे असं नव्हतं,” देवाजी म्हणाला. “हे आत्ता झालं. अन् मले लांब पट्टी ठेवून पाहाले पाह्यजे होतं. सणाहून आलो, पाती पाह्यली, गुण्या पाह्यला, टेबल नाही पाह्यले. कधी हललेच नव्हते म्हून नाही पाह्यले. तेवढं माहं चुकलं.”

प्रामाणिक माणूस हा असा स्वतःच्या पायाखालची फळी काढून देतो. बाबारावानं ती लगेच उचलली.

“ऐकलं ना, चंपतराव? त्याच्याच तोंडानं. मशीन त्याच्या हाताखाली, वहिनी नुसती पुसते, पेच तोच सैल करते, तोच आवळते. टेबल का भूत येऊन वाकवन? यानंच काई तरी आपटलं असन अन् दाबून ठेवलं. तुमाले नाव पाह्यजे होतं. देवाजी नाव आहे याचं. उद्यापासून हा इथं दिसणार नाही, अन् लकडगंजात कोणाच्या बी कारखान्यात दिसणार नाही, हे मी पाहातो.”

“मी काई आपटलं नाही,” देवाजी म्हणाला.

“मंग कोणं आपटलं?”

देवाजीचं नाव, त्याची तीस वर्षं, आता एका उत्तरावर लटकली होती, आणि ते उत्तर त्याला ठाऊकच नव्हतं. तो माझ्याकडं पाहत होता. मी काय सांगणार?

रंभाबाई माझ्या मागच्या टेबलाजवळ गेली. तिनं वाकून त्या उतरत्या खाचेत बोट घातलं. जिथं पत्र्याची पट्टी होती तिथं लोखंड वेगळ्या रंगाचं होतं, करंगळीएवढा एक स्वच्छ चौकोन, त्याच्या भोवती काळसर कडा. तिचं बोट त्या चौकोनावर थांबलं. मी ते बोट ओळखते. ते थंड झालं.

तिला आठवलं. मला कळलं की तिला आठवलं. ती घाण नव्हती. कुणीतरी मापून, कापून, जपून ठेवलेली वस्तू होती. कुणी, हेही तिला कळलं असावं, कारण तिनं खुंटीकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. पाच वर्षं तो माणूस तिच्या ताटाशेजारी बसून जेवला आणि बोलला नाही. काहून बोलला नाही, हे विचारायला तिला दुसऱ्या कुणाकडं जायची गरज नव्हती.

पट्टी चुलीत गेली होती. पाहणारं कुणी नव्हतं. ती गप्प राहिली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. बाबारावाच्या हाती तिची चूक लागली नसती, कारखाना तिच्या हातात राहिला असता, नवा मिस्त्री मिळाला असता. फक्त एक म्हातारा खाली मान घालून दाराबाहेर गेला असता.

ती उभी राहिली. बोटाला लागलेलं काळं तिनं पुसलं नाही.

“वहिनी, काई सापडलं का?” बाबारावानं विचारलं.

ती देवाजीच्या हत्यारांकडं पाहत होती.

ती बोलेपर्यंत माझं स्वतःचं सांगून घेते, नंतर मला काही बोलायचं नाही. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. सध्या मी बेसा गावात आहे, रंभाबाईच्या भावाच्या शेतावर, टिनाच्या छपराखाली. लकडगंजात नवी मोठी मशीन आली, तिला एका वेळी दोन्ही बाजू रंधता येतात म्हणे. असू दे. माझ्या पुढच्या टेबलावर कुटाराची, गुरांच्या भुशाची, पोती आहेत आणि मागच्यावर एक कोंबडी बसते. कोंबडी हलकी आहे, तिचं मला काही नाही. पोती मात्र काढा. लोखंडावर कायम एका बाजूला वजन ठेवलं की ते हळूहळू त्याच बाजूचं होतं. माणसांचंही तसंच होतं की काय ते तुम्ही तुमचं पाहा.

मला कुणाची कीव नको. मला भंगारात द्यायचं तर खुशाल द्या, मी पुन्हा वितळून काहीतरी होईन. पण मला कामाला लावणार असाल, तर पाती आणि गुण्या पाहून थांबू नका. लांब पट्टी घ्या, दोन्ही टेबलांवर ठेवा आणि उजेडाकडं पाहा. सणानंतर पाहा, पावसाळ्यानंतर पाहा, दुसऱ्याचा हात लागल्यावर पाहा. आपलाच हात लागला असेल तर आधी पाहा. आणि माझ्या खाचेत काही सापडलं तर फेकण्याआधी चार माणसांना विचारा, हे कोणी ठेवलं आणि काहून. आणि तुम्ही स्वतः काही ठेवलं असेल तर सांगा हो. बायकोच्या जिभेला भिऊन लपवू नका. ती जीभ तेवढी वाईट नसते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

त्या दिवशी चंपतराव वाट पाहत होता. देवाजीनं काडी, गुण्या, पेन्सिल एकेक करून कापडात गुंडाळायला घेतली होती. बाबाराव दाराकडं वळला होता, जिंकलेल्या माणसासारखा. रंभाबाईनं देवाजीचा हात मनगटाशी धरला. परक्या पुरुषाचा हात तिनं असा कधी धरला नव्हता. आणि दीर, मिस्त्री, विणकर, तिघांच्या देखत, एका दमात बोलली.

“चंपतराव, नाव रंभाबाई लिहा; नवमीले टेबलाखालची पट्टी घाण समजून मी काढली, चुलीत मी घातली, अन् तुमच्या गोपिकेले जे लागलं थे याच्या हातानं नाही, माह्या हातानं लागलं.”